१७ फुटी रनअबाउट बोट: घरच्यांची मजा आणि मासेमारी, दोन्ही एकीतच जमतं का?

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांच्या डोक्यात दोन-तीन उन्हाळे गेले की हा किडा वळवळायला लागतोच, की चहूकडे एवढं पाणी आहे तर एखादी छोटी बोट घ्यावी का. मंडळाच्या पिकनिकला कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं, मग मी सुरू होतो आणि बायको लांबून खुणा करत राहते की पुरे आता, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

माझी बोट १७ फुटी रनअबाउट, म्हणजे फिरायची छोटी उघडी बोट, ॲल्युमिनियमची, समोर विंडशील्ड, मधून पुढे जायला वाट, मागे ७५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगलेलं इंजिन, आणि पुढच्या टोकाला बॅटरीवरची छोटी ट्रोलिंग मोटर. दुकानवाले या प्रकाराला फिश अँड स्की म्हणतात. सेकंडहँड घेतलेली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, या साईझमध्ये चार-पाच कंपन्यांच्या बोटी उन्नीस-बीस आहेत आणि अमुक भारी की तमुक भारी हा वाद सुरू झाला की एवढ्याशा बोटीला नेमकं झेपतं काय हे बाजूलाच राहतं.

तर माझं मत आधीच सांगतो. चार माणसं आणि ताशी दहा मैलांच्या आतला वारा असेल तर ही बोट राणी आहे. ट्यूब, म्हणजे पोरांनी बसायचं हवेचं रबरी चाक, ओढते, नांगर टाकून पोरांना डुंबू देते, संध्याकाळी रात्रीच्या जेवणापुरते मासेही देते. सहा माणसं, दोन कूलर आणि पंधरा मैलांचा वारा असेल तर तीच बोट तुम्हाला देव आठवायला लावेल. इंजिन किती मोठं, सीट किती मऊ, स्पीकर कुठले हे सगळं नंतर, वारा आणि डोकी या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे.

वाऱ्याचं का म्हणतो ते कळायला आधी तळं समजून घ्या. मी बोट टाकतो लेक सेंट क्लेअरमध्ये. लेक ह्युरॉनचं पाणी सेंट क्लेअर नदीतून यात येतं आणि डेट्रॉईट नदीतून पुढे एरीला जातं. ग्रेट लेक्सच्या पाचात याला धरत नाहीत, पण क्षेत्रफळ सव्वाचारशे चौरस मैलांच्या वर आहे, मधोमध गेलात तर समोरचा काठ दिसत नाही. आणि एवढं मोठं असून सरासरी खोली किती, तर जेमतेम ११-१२ फूट. नैसर्गिक खोली जास्तीत जास्त २१ फुटांच्या आसपास, फक्त मोठ्या जहाजांसाठी मधून खणलेला चॅनेल तेवढा २७ फूट खोल. आता उथळ पाण्यावर वारा सुटला की लांब झुलत्या लाटा येत नाहीत, आखूड, उभ्या, एकामागोमाग एक येतात आणि १७ फुटी बोटीला एका लाटेवरून उतरून दुसरीवर चढायला उसंतच मिळत नाही. नाक आपटतं, पाठ मोडते, पुढे बसलेल्यांना आंघोळ. आकड्यात दोन फुटाची लाट काहीच वाटत नाही पण इथली दोन फुटाची लाट म्हणजे घरचे परत बोटीत पाय ठेवणार नाहीत.

आणखी एक गोम आहे, ती नवीन माणसाला हमखास फसवते. आपला मिशिगनचा काठ तळ्याच्या पश्चिमेला येतो. त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की या काठावरच्या हॅरिसन टाउनशिपच्या रॅम्पवरून, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावरून, पाणी एकदम तेल ओतल्यासारखं दिसतं, झाडं आणि घरं वारा अडवतात ना, माणूस खुशीत तीन-चार मैल आत जातो आणि जसजसा आत जातो तसतशा लाटा वाढत जातात, आणि परत येताना तोच वारा तोंडावर. पूर्वेचा वारा असला तर उलट, रॅम्पवरच लाटा आपटताना दिसतात, निदान फसवणूक तरी होत नाही. म्हणून काठावर उभं राहून अंदाज बांधू नका, नॅशनल वेदर सर्व्हिसचा लेक सेंट क्लेअरसाठी वेगळा अंदाज येतो तो बघा, त्यात लाटांची उंचीही देतात. स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायजरी, म्हणजे छोट्या बोटींसाठीचा इशारा, असेल तर बोट ड्राईव्हवेतच धुवा.

माझे बाबा मालवणचे, लहानपण होड्यांतच गेलेलं. इथे आले तेव्हा बोटीभोवती एक चक्कर मारली, काठाची उंची हाताने मापली आणि म्हणाले, "ही खाडयेतली होडी रे, दर्यातली नाय." एवढा नेमका रिव्ह्यू मी कुठल्या मासिकात वाचला नाही. काठ बुटका आहे म्हणून मासा आत घेणं सोपं, पोरांना पाण्यातून वर ओढणं सोपं, आणि त्याच बुटक्या काठावरून लाटही तितक्याच सहज आत येते.

डोक्यांचं गणित आता. वीस फुटांच्या आतल्या बोटीवर सुकाणूजवळ एक छोटी पट्टी ठोकलेली असते, कपॅसिटी प्लेट, तिच्यावर किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर ते लिहिलेलं असतं. माझ्या बोटीवर सात माणसं किंवा १००० पाउंड असं आहे. सातने भागून बघा, माणशी १४३ पाउंड, म्हणजे ६५ किलो. आता आपल्या ग्रुपमधल्या चाळिशीच्या पुरुषांकडे एक नजर टाका. त्यात बर्फाने भरलेला कूलर, डबे, टॉवेलच्या बॅगा, नांगर. सात हा आकडा अगदी सपाट पाण्यात हळू जायला ठीक आहे. फिरायला पाच, मासे पकडायला तीन, फार तर चार, असा माझा घरचा नियम. सहा मोठी माणसं भरली की इंजिन बोटीला वर उचलायलाच कुथतं, नाक आकाशात आणि पुढचं काही दिसत नाही. "आम्ही पण येतो ना, जागा होईल" म्हणणाऱ्या मित्रांना नाही म्हणायची तयारी नसेल तर सरळ पॉन्टून, म्हणजे तराफ्यासारखी सपाट बोट, भाड्याने घ्या, दहा-बारा जण आरामात बसतात आणि भांडणं होत नाहीत.

मजेच्या बाबतीत मात्र हिला तोड नाही. ७५ हॉर्सपॉवर एका ट्यूबवर दोन पोरं अगदी आरामात ओढतं, मोठं माणूस असेल तर एकच. वॉटर स्की पण होतं, स्की करणारा सडपातळ असला तर. वेकबोर्डच्या, म्हणजे बोटीमागे फळीवरून उड्या मारायच्या खेळाच्या, मोठ्या लाटा या बोटीकडून मागू नका, ते काम वेगळ्या बोटींचं आणि वेगळ्या बजेटचं. मिशिगनमध्ये कोणाला ओढत असाल तर चालवणाऱ्याशिवाय मागे लक्ष ठेवणारा एक माणूस बोटीत लागतोच, म्हणजे नवरा-बायको दोघं असल्याशिवाय ट्यूबिंग नाही, आणि हे बरंच आहे.

पण खरं सुख ट्यूबमध्ये नाहीये, ते तळ्यातल्या गल आयलंडच्या आसपास नांगर टाकण्यात आहे. तिकडे वाळूचा तळ, पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत, काचेसारखं स्वच्छ. १७ फुटी बोटीला जेमतेम फूटभर पाणी पुरतं, आउटबोर्ड वर उचललं की जिथे मोठे क्रूझरवाले लांबून बघत बसतात तिथे आपण थेट जाऊन उभे. पोरं बोटीभोवती पळतात, आई सीटवर बसून पाय पाण्यात सोडते, थालीपीठ-दह्याचा डबा उघडतो. एकच सूचना, जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तिकडे घरच्यांना घेऊन अजिबात जाऊ नका, जॉबी नूनर नावाची प्रचंड पार्टी असते आणि तिथे जे दिसतं ते आई-बाबांसमोर समजावून सांगायची वेळ यायला नको.

हो, आणि बोटीत बाथरूम नाही. हे कोणी बोलत नाही पण फॅमिली ट्रिपची लांबी पेट्रोलपेक्षा यावर ठरते. आमच्याकडे तीन तास हे माप आहे, मग रॅम्पवर परत किंवा एखाद्या मरिनात.

आता मासेमारी. २०१३ साली बासमास्टर मासिकाने अमेरिकेतल्या बास माशांच्या तळ्यांमध्ये सेंट क्लेअरला पहिला नंबर दिला होता, आणि इथला स्मॉलमाउथ बास खरंच वेड लावतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो, पोरं किंचाळतात. तो ठेवायचा असेल तर जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून, त्याआधी पकडा आणि सोडा. मी तर तो सोडतोच, खायला पर्च आणि वॉलाय आहेत की.

इथल्या मासेमारीमागे एक गंमत आहे. १९८८ मध्ये झेब्रा मसल नावाचे बारके शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा याच तळ्यात सापडले, बाहेरच्या देशातून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. ते पाणी गाळून गाळून इतकं स्वच्छ करतात की ऊन तळापर्यंत पोचतं, ऊन पोचलं की पाणवनस्पती माजते, आणि त्या गवतात बासची चैन. वॉलायचं मात्र उलट, त्याला लख्ख उजेड सोसवत नाही, म्हणून तो पहाटे, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. आणि बोटवाल्याची कटकट म्हणजे ऑगस्टमध्ये हे गवत तुटून तरंगतं आणि पंख्याला गुंडाळतं, इंजिनाचा आवाज बदलला की थांबा, इंजिन बंद करा, वर उचला, गवत काढा, मग पुढे. थंड पाणी आत खेचायची जाळी गवताने बुजली तर इंजिन तापतं, मागून जी पाण्याची बारीक धार पडते ना तिच्यावर एक डोळा कायम ठेवा.

बोट म्हणून मासेमारीला कशी, तर नव्वद टक्के चांगली. पुढच्या डेकवर एक माणूस उभा राहून गळ फेकू शकतो, मागे दोघं बसून खाली सोडू शकतात, जिवंत मासे ठेवायची टाकी आहे, मासा दाखवणारा सोनार आहे. उरलेले दहा टक्के त्या विंडशील्डमुळे जातात. काच शिडासारखी वारा धरते आणि बोट भराभर वाहत जाते, गळ तळाला टेकेपर्यंत तुम्ही पुढच्या गल्लीत. त्यावर उपाय म्हणजे ड्रिफ्ट सॉक, पाण्यात सोडायची कापडी पिशवी, ती बोटीला मागे खेचून धरते, फार महागही नाही. ट्रोलिंग मोटरला जीपीएसवर एका जागी थांबायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, पण तिची किंमत बघून आधी बसून घ्या. आणि चार जणांपैकी दोन लहान मुलं असतील तर मागे वळून गळ फेकायला बंदी घाला, सतरा फुटांत कोणाचा तरी कान मध्ये येतोच. मुलांसाठी सरळ खाली सोडायचा गळ बेस्ट.

मुलांना घेऊन जायचं तर माझं ऐका, बासच्या मागे लागू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पर्चला जा. मिनो नावाच्या बारक्या जिवंत मासोळ्या घ्यायच्या, दोन गळांचा पर्च रिग लावायचा, गवताच्या कडेला दहा-पंधरा फूट पाण्यात नांगर टाकायचा आणि गळ तळाला टेकवून जरासा वर घ्यायचा. थवा सापडला की पोरांचे हात थांबत नाहीत, नाही सापडला तर वीस मिनिटांत नांगर उचला, तिथे बसून तपश्चर्या करण्यात अर्थ नाही. पर्च म्हणजे वीतभर पिवळा मासा, अंगावर पट्टे, सोलायला कंटाळवाणा, पण हळद-तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून तळला की मुडदुशांची आठवण येणार म्हणजे येणार. बाबांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त ताट पुढे केलं. एक लक्षात ठेवा, राज्याच्या आरोग्य खात्याचं कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती खावा याचं ईट सेफ फिश म्हणून पत्रक आहे, पारा आणि पीसीबी नावाच्या विषारी रसायनांमुळे मोठे म्हातारे मासे कमी खायचे असतात, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर ते बघितल्याशिवाय तवा तापवू नका.

लायसन्स १७ वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतं, भारतातून आलेल्या आई-बाबांनाही, त्यांच्यासाठी एक दिवसाचं मिळतं. तळ्याचा बराच भाग कॅनडात आहे आणि पाण्यावर कुंपण नाही, तेव्हा जीपीएसवर रेषा बघत राहा. तिकडे मासे पकडायला ओंटारिओचं लायसन्स वेगळं, आणि तिकडे नांगर टाकलात किंवा उतरलात तर कॅनडाच्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. एच-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरची मंडळी बोटीत असतील तर पर्चसाठी हा उपद्व्याप करू नका, मासे अलीकडेही तेच आहेत.

चॅनेलमधून हजार हजार फुटांची मालवाहू जहाजं जातात. पोरांना बघायला भारी वाटतं, पण त्यांना थांबता येत नाही, वळता येत नाही, तेव्हा त्यांच्या वाटेत नांगर टाकायचा नाही आणि मागची लाट आली की वेग कमी करून तिरकं सामोरं जायचं, आडवं राहायचं नाही.

सेफ्टीचं थोडक्यात. प्रत्येकाला मापाचं लाईफ जॅकेट, मिशिगनमध्ये ६ वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर बोट चालू असताना कायम, शिवाय १६ फूट आणि वरच्या बोटीत फेकायची एक उशी किंवा रिंग लागते. एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीत चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं बंधनकारक आहे, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद. १ जुलै १९९६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये बोट चालवायला सेफ्टी कोर्सचं सर्टिफिकेट लागतं, आधी जन्मलेल्यांना नाही, तरी करा, एका वीकेंडचं काम आहे. आणि मे महिन्यात ऊन बघून भुलू नका, हवा सत्तर फॅरनहाइट आणि पाणी पन्नास, अशा पाण्यात पडलात तर पहिल्या मिनिटात श्वास सांभाळायचा असतो आणि दहाएक मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात, कितीही पट्टीचे पोहणारे असा.

गाडी कुठली आहे ते बोट बघायच्या आधी बघा. बोट, इंजिन, पेट्रोल, ट्रेलर, सामान मिळून अडीच हजार पाउंडांच्या आसपास जातं. साधी पेट्रोलवाली आरएव्ही-४ किंवा सीआर-व्ही १५०० पाउंड ओढते, म्हणजे विषय संपला. ओडिसी मिनीव्हॅनला ३५०० पर्यंत चालतं, व्ही-सिक्स हायलँडर असेल तर ५००० आणि मग चिंताच नाही. मिनीव्हॅनने ओल्या, शेवाळलेल्या रॅम्पवरून बोट वर ओढताना पुढची चाकं घसरतात, हे होणारच, रॅम्प निवडताना उतार कमी असलेला निवडा. बाहेर काढली की तळाची बुचं काढून पाणी सोडणं आणि गवत काढणं मिशिगनमध्ये कायद्याने सक्तीचं आहे, त्याच शिंपल्यांची कृपा. परत पाण्यात टाकताना तीच बुचं आठवणीने लावायची, आमच्याकडे ती जबाबदारी मुलीकडे आहे आणि ती मोठ्याने ओरडून सांगते.

पेट्रोलचं म्हणाल तर पूर्ण उघडून पळवली तर तासाला सात गॅलन पिते, निवांत चालवली तर जवळपास निम्मं. टाकीतलं एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. पंपावर ई-१५, म्हणजे १५ टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, स्वस्त दिसलं तरी बोटीत भरायचं नाही, मनाई आहे आणि इंजिनाचीही वाट लागते.

खर्चाचं खरं दुखणं हिवाळा. ऑक्टोबर अखेर इंजिनातलं पाणी उतरवा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला, ऑइल बदला, बॅटऱ्या घरात आणा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. आउटबोर्डचं एक बरं, सरळ उभं ठेवलं की पाणी आपोआप गळून जातं, इनबोर्डवाले, म्हणजे ज्यांचं इंजिन बोटीच्या आत असतं ते, यासाठी दर वर्षी मेकॅनिकला पैसे मोजतात. गराजमध्ये १७ फुटी बोट मावेल असं वाटतं पण ट्रेलरचा दांडा आणि मागचं इंजिन धरून वीसच्या वर जाते, तेव्हा आधी टेप लावून मोजा, नाहीतर पाच महिने स्टोरेजचं भाडं.

नवीन घ्यायची का? माझ्या मते पहिली बोट नवीन घेऊच नये. सेकंडहँड बघायची तर ऑक्टोबरमध्ये बघा, मालकाला स्टोरेजचं भाडं भरायचं नसतं म्हणून घासाघीस जमते, मे महिन्यात कोणी ऐकत नाही. बघायला जाताना इंजिन जिथे बसवलंय ती मागची फळी दाबून, ठोकून बघा, आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज भद्द येतो आणि इंजिन वर-खाली हलवलं की फळी हलते. जमिनीवर मऊ लागणारी जागा शोधत चाला. ट्रेलरची चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, टायरवरची तारीख वाचा, बोटीचे आणि ट्रेलरचे कागद दोन्ही मागा. आणि काहीही झालं तरी पाण्यावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ड्राईव्हवेत पाइप लावून सुरू करून दाखवतो म्हणाला तर हसून थँक्यू म्हणा आणि पुढची बघायला जा.